आमदार आपण नक्की कशासाठी निवडून देतो? पेव्हर ब्लॉकसाठी?

नेरूळचा_जुना

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा झाली. विषय आठ, वेळ दोन तास, आणि त्यातला सव्वा तास एकाच विषयात गेला: गेटबाहेरच्या पदपथावर पेव्हर ब्लॉक बसवून घ्यायला आमदारांकडे कोण जाणार, हार आणायचा की शाल, आणि शाल आणली तर तिचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा. शेवटी शाल ठरली. खर्च ‘किरकोळ’मध्ये.

मी हात वर करून विचारलं, आमदारांना भेटायला जातोच आहोत तर भाडेपट्ट्याचं विचारू या का? सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मी लग्नात दहाव्याचा विषय काढलाय.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. नवी मुंबईतली बहुतेक जमीन सिडकोची. आपण घेतो तो फ्लॅट, पण खालची जमीन साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. मी २००९ साली हे घर रीसेलमध्ये घेतलं तेव्हा सरकारचं मुद्रांक शुल्क भरलं आणि वर सिडकोचं ट्रान्सफर शुल्कही भरलं. वाशीतल्या सुरुवातीच्या इमारतींची साठ वर्षं पुढच्या दशकात भरायला लागतील. फ्रीहोल्डच्या, म्हणजे जमीन कायमची आपल्या मालकीची करायच्या, घोषणा किती वेळा ऐकल्या याचा हिशोब मी ठेवत नाही. सिडको ही राज्य शासनाची कंपनी, तिच्यावर नगरविकास विभाग. म्हणजे हा प्रश्न महापालिकेच्या हातातलाच नाही. तो सुटला तर विधिमंडळात आणि मंत्रालयातच सुटणार.

आता गंमत बघा. जे काम वॉर्डातल्या ज्युनिअर इंजिनिअरने करायचं ते आपण आमदाराला सांगतो, आणि जे फक्त आमदारच करू शकतो ते सांगायला लाजतो. आमदाराचा स्थानिक विकास निधी २०२२ पासून वर्षाला पाच कोटी आहे. नवी मुंबई महापालिकेचं बजेट पाच हजार कोटींच्या वर. हजारात एक! त्या एकासाठी आपण त्याला शाल घालतो आणि त्याच्या नावाचा बोर्ड लावून घेतो.

विमानतळाला ज्या माणसाचं नाव द्यावं म्हणून इथे इतकं आंदोलन झालं ते दि. बा. पाटील पनवेलमधून पाच वेळा आमदार झाले, दोनदा खासदार झाले, विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. त्यांनी किती पदपथ बांधले हे कुणाला आठवतं का?

माझं सरळ मत आहे. आमदार वर्षभर मतदारसंघात दिसला नाही तरी चालेल. अधिवेशनात दिसला पाहिजे.

टेंभीनाक्यावरून

काका, लेख छान. निवडणूक हरायची असेल तर हाच जाहीरनामा छापा.

मी ठाण्याचा. इथे माणूस सभागृहात काय बोलला ते कुणी विचारत नाही, रात्री दोन वाजता फोन उचलला का ते विचारतात. एक रिक्षा चालवणारा माणूस १९९७ ला ठाणे महापालिकेत नगरसेवक होतो, २००४ ला आमदार, २०२२ ला राज्याचा मुख्यमंत्री. एकनाथ शिंदेंचं राजकारण तुम्हाला पटो न पटो, पण ते काही सभागृहात तारांकित प्रश्न (मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचे) विचारून तिथे पोहोचले नाहीत. लोकांत राहून पोहोचले. तुमच्या नवी मुंबईचे गणेश नाईक वनमंत्री झाल्यावर आमच्या ठाण्यात येऊन जनता दरबार भरवतात. त्या रांगेत उभं राहून बघा, किती जण भाडेपट्ट्याबद्दल बोलतात. कुणाच्या आईचं ऑपरेशन अडलंय, कुणाच्या मुलीचा दाखला अडलाय. या माणसांना ‘हा विषय आमदाराच्या कक्षेत येत नाही’ असं सांगणार तुम्ही?

माझ्या वडिलांना अटॅक आला तेव्हा हॉस्पिटलने (नाव नको) आधी डिपॉझिट मागितलं. एका फोनवर बेड मिळाला. तो फोन आमदाराच्या ऑफिसातून गेला होता. त्या रात्री मला राज्यघटना आठवली नाही.

नेरूळचा_जुना

वडील बरे आहेत ना? त्या फोनला मी नावं ठेवणार नाही.

पण टेंभी नाका म्हणालात म्हणून विचारतो. ठाण्यात दरबार भरवण्यात शिवसेनेच्या आनंद दिघेंच्या वर कुणी होतं का? ते आमदार कधी होते? नगरसेवक तरी? त्यांनी उभ्या आयुष्यात निवडणूक लढवली नाही. म्हणजे फोन उचलायला, बेड मिळवून द्यायला, भांडण मिटवायला आमदारकी लागत नाही, हे तुमच्या ठाण्यानेच सिद्ध केलं. आमदारकी जिथे लागते त्या २८८ खुर्च्या आहेत. तिथे बसायचा हक्क दुसऱ्या कुणाला नाही. मग निदान तेवढं तरी त्याने करावं.

टेंभीनाक्यावरून

दिघे साहेबांचं नाव घेऊन माझीच दांडी उडवलीत. बरं. पण साहेबांचा शब्द चालायचा कारण मागे संघटना होती आणि त्यांनी निवडून आणलेली माणसं होती. नुसता दरबार असता तर कुणी ऐकलं नसतं.

घाटकोपर_ते_घणसोली

पेन्शन बंद करा आधी. एक टर्म आमदार झाला की महिन्याला पन्नास हजार जन्मभर, पुढच्या प्रत्येक वर्षामागे दोन हजार जास्त. आम्ही तीस वर्षं पीएफ कापून घेतला तरी एवढं मिळत नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार, एकच पक्ष, एसटीने यायचे. बाकी सगळे एकाच माळेचे मणी.

माजी_पीए

पेन्शनवर वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूने लिहीन.

मी सात वर्षं एका आमदारांकडे स्वीय सहाय्यक होतो. जिल्हा ठाणे, बाकी काही सांगणार नाही. इथे आमदाराच्या आयुष्याबद्दल सगळे अंदाजाने बोलताहेत म्हणून एक दिवस सांगतो. मार्चमधला, अधिवेशन चालू असताना.

सकाळी सातला दारात पंधरा-वीस माणसं. त्यातल्या दहांना शिफारसपत्र हवं. शाळेचा प्रवेश, बदली, नोकरी, पोलीस ठाण्यात ‘जरा बोला’. लेटरहेडचे गठ्ठे आम्ही किराणा आणावा तसे आणायचो. आठला एका ज्येष्ठ नागरिक संघाचं उद्‌घाटन, नऊला दहावा. अकराला सभागृह सुरू, आणि गाडी ऐरोलीच्या पुलावर अडकलेली. पोहोचेपर्यंत प्रश्नोत्तराचा तास निम्मा सरलेला. आपला प्रश्न यादीत बराच खाली, तो पुकारला जाणारच नाही हे आदल्या रात्रीच कळलेलं. उत्तर फक्त छापील. तेही ठरलेलं: ‘हे अंशतः खरे आहे.’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ सात वर्षांत मी ‘प्रश्न उद्भवत नाही’ इतक्या वेळा वाचलं की घरी बायकोला तेच उत्तर द्यायला लागलो. दुपारी मंत्रालयात फायलीमागे तीन मजले. सहाला परत. मग साखरपुडे दोन, हळदी चार.

हळदीवर थांबतो, कारण नेरूळच्या काकांना बहुधा हळदीची आमंत्रणं येत नसावीत. आगरी-कोळी गावात लग्नाला नाही आलात तर चालतं, हळदीला यावंच लागतं. रात्री साडेअकराला चौथ्या हळदीत साहेब खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते, डीजेच्या भिंतीसमोर. मी पायाने पाय हलवला. उठले, नवरदेवाला हळद लावली, फोटो काढला. घरी दीड. दुसऱ्या दिवशी सभागृहात मांडायच्या लक्षवेधी सूचनेचं टिपण मी गाडीत वाचून दाखवलं, ते ऐकलं की नाही देव जाणे.

आता काका म्हणतील, हळद सोडा आणि टिपण वाचा. २०२४ ला बेलापूर मतदारसंघाचा निकाल ३७७ मतांनी लागला. तीनशे सत्त्याहत्तर. एका मोठ्या सोसायटीत एवढी मतं असतात, एका हळदीत त्याहून जास्त माणसं जेवतात. मंदाताई म्हात्रे जिंकल्या, संदीप नाईक हरले. त्या निकालाच्या दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराच्या ऑफिसात एकच चर्चा झाली असणार, आणि ती अर्थसंकल्पावरच्या कपात सूचनांची नव्हती.

नेरूळचा_जुना

हे वाचून वाईट वाटलं, आणि माझंच म्हणणं पक्कं झालं. त्या माणसाला झोपेत हळद लावायला कुणी लावलं? आपणच ना?

करावे_गावकरी

सकाळपासून वाचतोय. आता माझी पाळी.

नेरूळवाले काका, तुमच्याबद्दल राग नाही, पण दि. बां.चं नाव तुम्ही सभागृहात शहाण्यासारखं बसणारा माणूस म्हणून वापरलंत, ते मला टोचलं.

तुमचा फ्लॅट ज्या जमिनीवर आहे ती जमीन आमची होती. तुमची सोसायटी नक्की कुणाच्या शेतावर आहे ते माझी आजी असती तर झाडावरून सांगितलं असतं. १९७० ला सिडको आली. पंच्याण्णव गावांची शेतं, मिठागरं, खाजण गेली. भाव द्यायचा सरकारच्या मनाला येईल तो. दि. बा. वकील होते, सभागृहात बोलायला उभे राहिले की समोरचे कागद चाळायला लागायचे, हे आमच्याकडे अजून अभिमानाने सांगतात. पण सभागृहात बोलून भाव वाढला का? १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला लोक रस्त्यावर आले, जासईजवळ दास्तान फाट्याला आणि पुढे उरणच्या बाजूला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. माझे वडील त्या मोर्चात होते. करावेतून ट्रक भरून गेले होते. ते परत आले, पाच जण नाही आले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, हे तत्त्व सरकारने मानलं. आमचा बाबा बोलाचा, “जमीन गेली तं गेली, पन इज्जत नाय जाव द्यायची.”

आणि साडेबाराही नावाला. सामाजिक सुविधांसाठी पावणेचार कापतात, हातात पावणेनऊ पडतात. तेही वर्षानुवर्षं पडत नाहीत. मधल्या काळात घरात पोरं वाढली, सुना आल्या, गावठाण तेवढंच. मग लोकांनी गरजेपोटी घरं बांधली. त्याला तुमच्या पेपरात ‘अनधिकृत’ म्हणतात. २०२२ ला ती नियमित करायचा शासन निर्णय निघाला, पुढे त्यात दुरुस्ती झाली, तरी आमच्या गल्लीत अजून एकाच्याही हातात कागद नाही.

विमानतळाचंही तेच. १० जून २०२१ ला मानवी साखळी, २४ जूनला दि. बां.च्या स्मृतिदिनी सिडको भवनाला घेराव. ठराव विधिमंडळात झाला तो २०२२ ला. आधी रस्ता, मग सभागृह. सभागृह स्वतःहून काही देत नाही, काका. ते लिहून घेतं फक्त.

म्हणून मला आमदार गावात दिसायला हवा. आमच्या हळदीत हवा, आमच्या गावदेवीच्या जत्रेत हवा. ज्याला आमची गल्ली माहीत नाही तो तिथे जाऊन काय बोलणार, कपाळ?

नेरूळचा_जुना

हे मला माहीत असायला हवं होतं आणि पूर्ण माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं इथे राहतो. करावे गावात मासळी घ्यायला येतो, पण कधी कुणाला विचारलं नाही. दि. बां.बद्दलचं माझं वाक्य मी मागे घेतो.

एक मात्र सोडत नाही. ‘लिहून घेतं फक्त’ म्हणालात. पण लिहून घेतलं नसतं तर? पाच माणसं गेल्यावर मिळालेलं सगळ्या पंच्याण्णव गावांना लागू झालं, ते शासनाच्या कागदावर आलं म्हणून. आणि तुमच्या गरजेपोटी घरांचं आज अडलंय ते रस्त्यावर नव्हे, शासन निर्णयाच्या शब्दांत. ते शब्द कोण बदलणार? हळदीत?

ऐरोलीची_ताई

बाप्यांनो, जरा थांबा. तुम्ही दोन आमदार कल्पून भांडताय, एक गल्लीतला आणि एक सभागृहातला. माणूस एकच असू शकतो की.

मृणाल गोरे. १९६१ ला मुंबईत नगरसेविका, १९७२ ला आमदार, १९७७ ला खासदार, १९८५ ला पुन्हा आमदार. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणायचे, म्हणजे गोरेगावच्या नळाचं पाणी. पेव्हर ब्लॉकहून साधा विषय. त्याच बाईंनी विधानसभेत गर्भलिंग चाचणीविरुद्ध आवाज उठवला आणि १९८८ ला महाराष्ट्राने त्यावर कायदा केला. देशात पहिला. केंद्राला जाग यायला आणखी काही वर्षं लागली. नळावर उभी राहिली म्हणून तिला बायकांची दुःखं कळली, सभागृहात होती म्हणून कायदा झाला. यातलं कुठलं खरं काम ते तुम्हीच ठरवा, मला ठरवता येत नाही.

आणि काका, पेव्हर ब्लॉकला आमदारच का धरतात, याचं एक कारण तुम्ही विसरलात. नवी मुंबई महापालिकेची २०१५ ला निवडून आलेली मुदत २०२० ला संपली. पुढची पाचहून जास्त वर्षं प्रशासक! नगरसेवकच नव्हते. गटार तुंबलं तर बाईने जायचं कुठे? वॉर्ड ऑफिसला गेलं तर म्हणतात लिहून द्या. राहिला कोण? आमदार. त्याला नगरसेवक आम्ही केला नाही, निवडणुका न घेणाऱ्यांनी केला. सवय लागली, आता ती सुटायला वेळ लागेल.

टेंभीनाक्यावरून

ताई, हे एकदम बरोबर. ठाण्यातही २०२२ पासून तेच होतं.

घाटकोपर_ते_घणसोली

आणि निवडून आल्यावर पक्ष बदलतात त्याचं काय? १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा काय लोणच्यात घालायचा?

माजी_पीए

आधी एक तृतीयांश फुटले की फूट मानली जायची. २००३ च्या घटनादुरुस्तीने ते काढलं, आता दोन तृतीयांश आणि तेही विलीनीकरण. पण अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच द्यायचा आणि अध्यक्ष कुठल्या तरी पक्षातूनच आलेले. पुढचं सगळ्यांनी बघितलंय, धागा त्या वळणाला नेऊ नका, मग इथे फक्त शिव्या उरतील.

त्यापेक्षा कामाचं बोलू. नेरूळचे काका, तुम्हाला आमदाराने सभागृहात बोलावं असं खरंच वाटतं ना? मग त्याला बोलायला काहीतरी द्या. आमच्याकडे सात वर्षांत शिफारसपत्रं मागायला हजारोंनी आले. ‘साहेब, हा प्रश्न विचारा’ म्हणून लिहिलेला कागद घेऊन किती आले असतील? हाताच्या बोटांवर. आलेले आम्ही सोन्यासारखे जपायचो, कारण तयार प्रश्न मिळाला तर पीएचे दोन दिवस वाचतात. मतदार जे मागतो ते आमदार देतो. तुम्ही शाल दिलीत, त्याने ब्लॉक दिले. हिशोब चुकता.

नेरूळचा_जुना

हे वर्मी लागलं. कसा लिहितात तो प्रश्न? नमुना द्या.

माजी_पीए

सुरुवात ‘हे खरे आहे काय’ने. भाषण नको, माहिती हवी. ठिकाण, गाव, सेक्टर स्पष्ट. मग ‘असल्यास’ आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. एका प्रश्नात एकच विषय. अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्या, ऐन वेळी दिलेला कागद खिशात राहतो आणि सदरा धुवायला जातो.

नेरूळचा_जुना

लिहून बघितलं:

‘(१) नवी मुंबईतील सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील सदनिकांची विक्री होताना सिडकोकडून हस्तांतरण शुल्क आकारले जाते, हे खरे आहे काय, (२) असल्यास, वाशी येथील सुरुवातीच्या इमारतींच्या भाडेपट्ट्याची मुदत पुढील दशकात संपत असताना नूतनीकरणाबाबत शासनाचे धोरण काय आहे, (३) धोरण निश्चित झाले नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

माजी_पीए

पहिल्याच प्रयत्नाला बरं जमलंय. (२) च्या शेवटी ‘व त्यानुसार कोणती कार्यवाही करण्यात आली वा येत आहे’ एवढं जोडा. नाहीतर ‘धोरण विचाराधीन आहे’ एवढ्यावर सुटतात.

करावे_गावकरी

भाडेपट्टा तुमचा. आमची घरं कुठे आहेत त्या प्रश्नात?

नेरूळचा_जुना

एका प्रश्नात एकच विषय, असं पीए साहेब म्हणाले. दुसरा तुम्ही लिहा, दोन्ही एकत्र देऊ. गरजेपोटी घरांपैकी आजवर किती नियमित झाली, गावनिहाय आकडा मागा. गावनिहाय म्हटलं की ‘अंशतः खरे’ म्हणून निसटता येत नाही, असं वाटतं. माझ्या सोसायटीच्या लेटरहेडवर तुमचा प्रश्न द्यायला माझी हरकत नाही. सेक्रेटरीची असेल, त्याचं मी बघतो.

करावे_गावकरी

लिहितो. रात्री टाकतो इथे, शुद्धलेखन ताई बघतील.

आणि ऑफिसात जाऊन रांगेत बसू नका. येत्या शुक्रवारी माझ्या चुलतभावाची हळद आहे, आमदार येणारच. तुम्हीही या, काकूंना घेऊन या. कागद तिथेच हातात देऊ. फक्त साडेनऊच्या आत पोहोचा, डीजे सुरू झाल्यावर ‘हे खरे आहे काय’ कुणाला ऐकू जायचं नाही.

टेंभीनाक्यावरून

शाल आणू का?

नेरूळचा_जुना

शाल आमच्या कपाटात पडलीय. ‘किरकोळ’मधली. पेव्हर ब्लॉकवाले अजून गेलेच नाहीत.